विहिरीतल्या बाईचं नाव काय?

गेल्या अंकात मी नागपुरातल्या रात्रफेऱ्यांबद्दल लिहिलं होतं. सिटी सर्व्हेच्या कार्यालयात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर महाल, इतवारी, सीताबर्डी या भागांत लोकांना फिरवते, आणि तिथल्या भुताखेतांच्या गोष्टी जमवून कागदपत्रांशी ताडून पाहते, एवढी ओळख त्यात होती. त्यावर खूप पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, महालात आमचा चार पिढ्यांचा वाडा आहे. फाटकातून आत आलं की अंगणात विहीर, लोखंडी जाळी टाकून बंद केलेली. गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी रात्री अकराच्या सुमारास तीस-चाळीस पोरंपोरी फाटकाशी जमतात, मोबाइलचा उजेड आत मारतात. त्यांना घेऊन येणारा मुलगा सांगतो, ‘या विहिरीत सुनेनं जीव दिला, अमावास्येला ती काठावर बसून पदर पिळते.’ माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या शपथेवर सांगतात की असं काही घडलेलं नाही. माझी मुलगी लग्नाची आहे. तुम्हीही अशाच फेऱ्या काढता, म्हणून तुम्हालाच विचारते. आम्ही काय करायचं?

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुसऱ्या कुठल्या पत्राला हात लावला नाही. कारण जे तुमच्याकडे चाललंय ते मीही एकदा केलेलं आहे. फेऱ्या सुरू केल्या त्या पहिल्या वर्षी एका गल्लीत उभी राहून मी एका घराकडे बोट दाखवलं होतं आणि ऐकीव गोष्ट सांगितली होती. गोष्ट रंगली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी त्या घरातल्या काकू मला देवळात भेटल्या. मुलीची सोयरीक ठरत आली होती. मुलाकडच्यांच्या कानावर ‘त्या घरात काहीतरी आहे’ असं गेलं आणि त्यांनी निरोप पाठवणंच बंद केलं. काकू माझ्यावर ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, ‘तुम्हाला हे कोणी सांगितलं?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून जिथे माणसं राहतात त्या घराकडे मी बोट दाखवत नाही. गोष्ट कितीही जुनी असो, कितीही चांगली असो.

आता तुम्ही काय करायचं ते. आधी त्या मुलाला दिवसाउजेडी घरी बोलवा, चहा द्या आणि सासूबाईंसमोर बसवा. बहुतेक पोरं वाईट नसतात. कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं पुढे सांगत असतात. समोर खरी आजी बसली की आवाज खाली येतो. ऐकलं नाही तर पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. रात्री अकराला दुसऱ्याच्या फाटकात उजेड मारत उभं राहायचा कोणालाही हक्क नाही. आणि उद्या तो घरातल्या कुठल्या बाईवर करणी-चेटूक करते म्हणून बोट ठेवू लागला, तर राज्याचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तेही त्याच्या कानावर घाला.

शिवाय भूमी अभिलेखच्या कार्यालयातून तुमच्या वाड्याच्या आखीव पत्रिकेची नक्कल काढा. जागा कोणाच्या नावे होती, कधी फेरफार झाला, हे त्यात मिळतं. विहिरीच्या गोष्टी पुष्कळदा शेजारच्या नाहीतर पलीकडच्या गल्लीतल्या विहिरीच्या असतात. ती विहीर बुजते, वर इमारत उभी राहते आणि गोष्ट बिचारी बेघर होऊन जवळच्या उघड्या विहिरीवर येऊन बसते. मी नकाशे हाती धरून हे तीन ठिकाणी पाहिलंय. तुमच्या सासूबाई खऱ्या असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पण वहिनी, एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. शहराच्या कडेच्या एका गावात, जे आता शहरातच आलंय, अशीच एक विहीर होती. तिथल्या बाईला एका आळीत ‘गोरी’ म्हणायचे, दुसऱ्या आळीत ‘हडळ’, आणि म्हाताऱ्या बाया ‘आलवंतीण’ म्हणायच्या, म्हणजे बाळंतपणात गेलेली. तिचा माग काढत मी कोतवाल बुकापर्यंत गेले. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा. हल्ली लोक जातीच्या दाखल्यासाठी ती बुकं शोधतात. पानं इतकी ठिसूळ की एका हाताने उलटवायचं आणि दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरायचा. मोडी अक्षर, शाई तपकिरी पडलेली. एका पावसाळ्यातल्या नोंदीवर येऊन मी थांबले. मरणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अमक्याची बायको’. वय सतरा. कारण, विहिरीत पडून. त्याच्या वरच्या ओळीत त्याच दिवसाची आणखी एक नोंद होती : ‘मुलगी, वय दोन दिवस.’ नावाचा रकाना कोरा.

तीन आळ्यांत त्या बाईला तीन नावं होती आणि सरकारी बुकात एकही नव्हतं. म्हाताऱ्या बाया मात्र बरोबर होत्या. ‘आलवंतीण’ हा शब्द त्यांनी उगाच लावलेला नव्हता. ऐंशी-नव्वद वर्षं त्यांनी एवढंच जपून ठेवलं होतं की ती बाळंतीण होती. ती पडली, की तिने उडी टाकली, की तिला कोणी ढकललं, हे बुक सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. पण फेरीत ती गोष्ट आली की मी ‘हडळ’ म्हणत नाही. नोंद जशी आहे तशी वाचून दाखवते आणि लोकांना थोडा वेळ तिथेच उभं राहू देते. गावाचं नाव सांगत नाही. ती विहीर आता रस्त्याखाली आहे.

म्हणून तुमच्या वाड्याची गोष्ट खोटी निघाली तरी सासूबाईंना एकदा विचारा, परिसरात कुठे अशी कोणी गेली होती का. त्यांना तिचं खरं नाव माहीत असेल. ते लिहून ठेवा, छापू मात्र नका.

प्रश्न : मी इतवारीत एका जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. पावसाळा लागल्यापासून अंघोळीला गेलो की छाती जड होते, डोकं दुखतं आणि मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. एकदा चक्कर येऊन पडलो. घरमालक म्हणतात आधीचा भाडेकरूही म्हणूनच सोडून गेला. या जागेचा इतिहास शोधून द्याल का?

उत्तर : दादा, इतिहास नंतर. न्हाणीघरात गॅस गिझर आहे का? पावसामुळे खिडकी बंद ठेवता का? तसं असेल तर हा अंक खाली ठेवा आणि गिझर आत्ता बंद करा. हवा खेळत नसलेल्या खोलीत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, छाती जड होणं, गरगरणं, भास होणं ही त्याची लक्षणं आहेत, आणि माणूस त्यात जातो. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं लावून झोपणाऱ्यांचंही असंच होतं. गिझर खोलीबाहेर बसवून घ्या, डॉक्टरांकडे जाऊन या आणि आधीच्या भाडेकरूचा पत्ता लागला तर त्यालाही कळवा. एवढं करून महिन्याभराने मागे कोणी उभं असेल, तर मी येते.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी इतिहासात एम. ए. केलंय. मला आणि माझ्या दोन मित्रांना नागपुरात ‘हॉन्टेड टूर’ सुरू करायची आहे. दोन ठिकाणं नक्की केली आहेत : सीताबर्डीचा किल्ला आणि झीरो माइलजवळचं गोवारी स्मारक. 114 लोक गेले म्हणजे तिथे काहीतरी असणारच, पब्लिकला आवडेल. मार्गदर्शन करावं.

उत्तर : बाळा, दुसऱ्या ठिकाणापासून सुरुवात करते, कारण ते पत्रात वाचल्यावर मला फार वाईट वाटलं.

23 नोव्हेंबर 1994. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. आपल्याला अनुसूचित जमातीत धरावं, ही मागणी. गुरं राखणारा समाज. गावागावांतून माणसं आलेली, कडेवर लेकरं, फडक्यात भाकरी. चेंगराचेंगरी झाली आणि 114 जीव गेले. त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ होती. त्यांचे भाऊ, मुलं, नवरे आज हयात आहेत. दरवर्षी 23 नोव्हेंबरला ते स्मारकाशी येतात, फुलं वाहतात. तिथे रात्री पैसे घेऊन कोणाला घाबरवायला जाऊ नकोस. तिथून लोकांना न्यायचंच असेल तर दिवसा ने. तारीख सांग, मागणी सांग, आकडा सांग. आणि तिथे कोणी नमस्कार करत उभं असेल तर तुम्ही सगळे गप्प राहा.

मी स्वतःपुरता एक नियम केलाय. ज्याचं तेरावं करणारं माणूस जिवंत आहे, त्याच्या मरणाची भूतकथा करायची नाही. तो तूही घे.

आता सीताबर्डी. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशीच तो लोकांसाठी उघडतात, म्हणून रात्रीची फेरी विसर. पण टेकडी गणपतीच्या बाजूने, रस्त्यावरून, खाली उभं राहूनही खूप सांगता येतं. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई या दोन टेकड्यांवर पेटली. ती रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. छोटी टेकडी भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी सकाळी घेतली होती, पण ती हातची गेली. लोकांना एवढंच ठाऊक असतं. पण लढाई इथे मिटली नाही. डिसेंबरात शहरात राजवाड्याच्या आसऱ्याने अरब लढत राहिले. 24 डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर हल्ला केला आणि त्यांना मागे फिरावं लागलं. तो दरवाजा म्हणजे आजचा महालातला गांधी गेट. त्याखालून आपण रोज स्कूटर काढतो. भूत दिसलं नाही तरी चालेल, पण त्या कमानीखाली उभं राहून हे ऐकताना पोरांच्या अंगावर काटा येतो. मी पाहिलंय.

किल्ल्यातल्या नवगजा अलीबाबांच्या मजारीबद्दलही लोक तुला विचारतील. 1857 मध्ये इंग्रजांनी फाशी दिलेल्या नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांची ती कबर, असं परंपरेने सांगतात. नऊ माणसं म्हणून नऊ गज. तिथे लोक श्रद्धेने जातात, म्हणून ती भुताच्या यादीत घालू नकोस.

कामाची सुरुवात कशी करायची? आधी ऐकायचं. पानठेल्यावर, घाटावर, रात्रपाळीच्या चौकीदाराकडे, भाजीवाल्या बायांकडे. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, तो म्हणतो तोच शब्द लिहायचा. ‘मुंजा’ म्हणाला तर मुंजा, ‘सैतान’ म्हणाला तर सैतान. शब्दात माहिती असते. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा. म्हणजे वयसुद्धा कळलं. मग कागदाकडे जायचं : महानगरपालिकेची मृत्यूनोंद, आखीव पत्रिका, कोतवाल बुक, ‘हितवाद’चे जुने अंक, 1908 चं नागपूर जिल्हा गॅझेटिअर. विदर्भ संशोधन मंडळात जाऊन बस. मोडी शीक. वर्षभर तरी एकही तिकीट विकू नकोस.

आणि जिवंत अनुभवाला लगेच खोटं म्हणू नकोस. माझे वडील काटोलकडून येताना एकदा संत्र्याच्या बागांत चकव्यात सापडले होते. अमावास्येची रात्र होती. तीन तास चालून पुन्हा त्याच मोटेच्या विहिरीशी आले. आजीने सांगून ठेवलं होतं, चकवा लागला तर चालू नये, बसून राहावं. ते बसले, आणि झुंजुमुंजू झाल्यावर वाट सापडली. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य-चंद्र दिसत नसले की सरळ चाललोय असं वाटत असतानाच माणूस गोल फिरतो, असं त्यांना आढळलं. आजीचा सल्ला अगदी बरोबर होता. तिने कारण वेगळं सांगितलं, एवढंच. फेरीत मी दोन्ही सांगते, आधी आजीचं.

प्रश्न : पोळा जवळ आला. काळी मारबत म्हणजे बाकाबाईचं भूत, असं आमचे मास्तर सांगायचे. खरं काय?

उत्तर : भूत नाही. पण नागपूरने एका बाईवरचा राग जो धरून ठेवला, तो असा की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिचा मोठा पुतळा करून, म्हणजेच मारबत, मिरवणुकीने नेऊन जाळतात. काळी मारबत 1881 पासूनची आणि जागनाथ बुधवारीची पिवळी 1885 पासूनची, असं मानकरी मंडळी सांगतात. ‘ईडा पीडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून दिली आहे. दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा इतवारीत मुंगीला शिरायला जागा नसते. कोणी काळीला पूतना म्हणतं, कोणी बाकाबाई.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. ती इंग्रजांना मिळाली, हा तिच्यावरचा आरोप. 1857 मध्ये तिने घराण्याला उठावापासून दूर ठेवलं, हे खरं आहे. पण त्याच्या तीन-चार वर्षं आधीचंही पाहा. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघुजी गेले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा झालं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला कवडीमोलाने लिलावात गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असं म्हणणारी म्हातारी राणी ही बाकाबाईच. हे एका इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय. सामान तरीही हललं.

मारबत काढू नये असं मी म्हणत नाही. मी यंदाही जाणार आहे. पण तुमच्या मास्तरांनी अर्धीच गोष्ट सांगितली, बाकीची अर्धी तुम्ही मुलांना सांगा.

प्रश्न : ताई, आम्ही बुटीबोरीकडचे. माझे आजोबा सांगतात, भादव्यात पूर आला की रात्री नाल्याच्या काठाने एक घोडा धावत येतो. जीन कसलेलं, वर कोणी नाही. ‘साहेबाचा घोडा’ म्हणतात. मी शाळेत शिकवतो, मला हे सगळं थोतांड वाटतं. तरी विचारावंसं वाटलं.

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग कपाटातून माझी वही काढली.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला. धर्मप्रसार हे त्याचं काम, पण त्याची नजर जमिनीवर असायची. नागपूरच्या आसपासच्या खडकांतले जीवाश्म त्याने गोळा केले, गोंडांची गाणी आणि शब्द उतरवून घेतले. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. 1863 च्या पावसाळ्यात तो मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासोबत तुमच्या भागात आला होता. टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं आहेत, मोठ्या दगडांची गोल रिंगणं, खाली पुरलेली माणसं. ती पाहायला. 4 सप्टेंबरला ती पाहून तो बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून एकटाच निघाला, वाटेत अंधार झाला. सकाळी सहज ओलांडलेला ओढा आता फुगलेला होता. मुक्कामी घोडा पोचला, पाठीवर कोणी नव्हतं. लोक मशाली घेऊन धावले, तेव्हा तो पाण्यात सापडला, मेलेला. त्याची टिपणं टेंपल यांनी 1866 मध्ये छापली, म्हणून त्याने लिहून ठेवलेली गोंडांची गाणी आज वाचता येतात. ज्या वर्षी तो गेला त्याच वर्षी नागपुरात अजब बंगला, म्हणजे आपलं वस्तुसंग्रहालय, सुरू झाला.

माझ्या वहीत ही हकीकत कित्येक वर्षं पडून आहे. त्या भागात तिची लोकांच्या तोंडी काही खूण उरली असेल का, म्हणून मी दोनदा टाकळघाटला जाऊन आले. एकदा सप्टेंबरातच गेले. ओढा गुडघाभर होता, काठावर काशी गवत फुललेलं. चार-पाच जणांना विचारलं, कोणाला काही माहीत नव्हतं. आणि आता तुमच्या पत्रात जीन कसलेला रिकामा घोडा, तोही भादव्यात.

गुरुजी, लगेच नाचायला नको. आजोबांनी हे कधी शाळेत किंवा कोणा शिकलेल्या माणसाकडून ऐकलं असेल, तर ती लोकांची आठवण नव्हे, पुस्तकातून गावात परत आलेली गोष्ट. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, हा अंक आजोबांना दाखवू नका. वाचूनही दाखवू नका. आधी त्यांच्याजवळ निवांत बसा आणि विचारा : ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली, तेव्हा तुमचं वय काय होतं, घोडा कुठून येतो आणि कुठे जातो, नाल्याच्या त्या उताराला तेव्हा काय म्हणायचे. साहेबाचं नाव त्यांना विचारू नका, ते आपणहून येतंय का तेवढं पाहा. शब्द न् शब्द लिहून घ्या, मोबाइलवर आवाजही घेऊन ठेवा. मग मला कळवा. पूर ओसरला की मी येते, त्या उतारापर्यंत आपण मिळून जाऊ.